एका पायाचा वाघ

साताऱ्याच्या स्टेशनवर गाडी यायच्या आत बहिणीनं मला बाजूला घेतलं आणि बजावलं, "दादा, तिकडं काही वेडंवाकडं दिसलं की पुढची गाडी धरायची. पोरीच्या रडण्याला भुलायचं नाही." पोर म्हणजे माझी भाची सानिका, नववीतली. शाळेच्या नाटकातलं तिचं काम कुणीतरी पाहिलं आणि तिला चक्क चित्रपटात घेतलं. आजोळी आलेली तीन मुलं चुकलेलं वासरू शोधायला जंगलात शिरतात, अशी गोष्ट. सहकुटुंब बघण्यासारखी, असं आम्हाला सांगितलं होतं. चित्रीकरण वर्धा जिल्ह्यात, नाताळच्या सुट्टीत. तिच्या आईबापांना रजा नाही, म्हणून सोबतीला मी. निवृत्त बेलीफ.

बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन लोकांच्या दारात उभा राहणारा माणूस. दाराशी चपला, आत कुकरची शिट्टी, आणि दारातली बाई सांगते, "ते गावाला गेलेत." जन्मभर हेच ऐकलेल्या माणसाला कुणावर भरवसा ठेव म्हणून सांगू नये. मी त्या चित्रपटवाल्यांना फोनवर साधं विचारलं होतं, चित्रपटाचं नाव काय? तर म्हणाले, अजून ठरायचंय. आता जन्माला यायच्या आधी माणसाचं नाव नसतं हे कबूल, पण इथं तर आमची पोर न्यायला निघाले होते!

गाडी सुटल्यावर सानिका खिडकीशी बसली आणि म्हणाली, "मामा, तू मुद्दाम काहीतरी शोधून काढशील आणि मला परत आणशील."

"मी शोधत नाही. मला दिसतं," मी म्हणालो. ती पार मनमाडपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला उतरलो. डिसेंबर असूनही ऊन चांगलं चटचटत होतं. आम्हाला न्यायला जीप आली होती. "हॉटेल लांब आहे का?" असं विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "हाटेल कायचं जी? गावात रंजनाबाईकडं सोय केली हाय तुमची." झालं! फोनवर हॉटेल, प्रत्यक्षात रंजनाबाई. सानिकानं माझा हात घट्ट धरला. "मामा, प्लीज." मी मनात एक खूण करून ठेवली.

सेलू मागे पडलं तसा रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे कापूस फुटून पांढरं झालेलं, मध्ये तुरीच्या उंच ओळी, लांबवर बोर अभयारण्याच्या जंगलाची निळसर रेघ. जंगलाच्या अलीकडच्या एका गावात आम्ही थांबलो. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

रंजनाबाई पन्नाशीच्या, अंगानं आडव्या, आवाजानं उभ्या. मी अंगणात बॅग धरून घराचे कडीकोयंडे निरखत होतो, तर म्हणाल्या, "अवो भाऊ, काऊन असे उभे राह्यले? जप्ती आनली का आमच्या घरावर?" मी दचकलोच. माझा धंदा बाईंना कसा कळला? पण त्या आपल्या सहज बोलल्या होत्या. जेवायला गोळाभात होता. डाळीच्या पिठाचे तिखट गोळे भातात वाफवलेले आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी. सोबत सांबारवडी. सांबार म्हणजे आपल्या दक्षिणेकडचं पातळ सांबार नव्हे, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे आधी माहीत नसल्यामुळे मी वडीतही काहीतरी गोलमाल आहे असं धरून चाललो होतो. पहिला घास घेतला आणि वडीपुरता संशय मागे घेतला.

सकाळी 'जंगल' पाहायला गेलो. कसलं जंगल हो! गावाबाहेरच्या नाल्याकाठी पळसाची झाडी, चार साग, बोरीची काटेरी झुडपं, आणि झाडीला लागूनच रंजनाबाईंचं वावर (शेत). दिग्दर्शक अद्वैत नावाचा तिशीतला मुलगा. थंडीतही बिनमोज्यांचे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. मला हे बघणं अजिबात आवडत नाही. तो म्हणाला, "काका, खऱ्या जंगलात चित्रीकरणाला परवानगी मिळणं अवघड असतं. कॅमेरा इथेच जंगल दाखवेल."

"आणि वाघ?"

"वाघ संगणकावर."

संगणकावरचा वाघ यायचा तेव्हा येईल. तूर्तास एक माणूस काठीला झाडू बांधून झुडपात उभा होता आणि सानिका नि तिच्याबरोबरची दोन मुलं त्या झाडूकडे बघून थरथर कापत होती. सानिकाचा चेहरा असा पांढरा पडला की मीही वळून त्या झुडपात पाहिलं. "कट" म्हटल्यावर ती खळखळून हसली. पोरीला हे येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. आणि तिला हे किती हवंय, तेही दिसलं. एकेका शॉटनंतर ती आधी अद्वैतकडे बघे आणि मग माझ्याकडे. अद्वैतकडे, जमलं का म्हणून. माझ्याकडे, मामाला काही खटकलं तर नाही ना म्हणून.

खटकत होतंच. मी जवळ गेलो की ही माणसं कुजबुज थांबवत. सामानाच्या खोलीत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. मी सहज विचारलं तर, "काही नाही काका, कलाविभागाचं आहे." एकदा अद्वैत फोनवर कुणालातरी सांगताना मी ऐकलं, "गावात वाघ आल्याची बातमी झाली ना, तर फुकटात जाहिरात होईल." आणि हसला. मी ते हसणं नीट लक्षात ठेवलं.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी गावात एकच गलका झाला. कापूस वेचायला निघालेल्या बाया नाल्यावरूनच परत फिरल्या होत्या. ओल्या मातीत वाघाचे ठसे! अंगणात बाया जमल्या, पोरांना घरात कोंडलं, कुणी वनखात्याला फोन लावायला लागलं. सानिकानं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खरा वाघ म्हणजे पुढची गाडी, हे तिला पाठ होतं.

आम्ही सगळे नाल्यावर गेलो. ठसे अगदी ठळक, ओळीनं, पाण्याकडे गेलेले. रंजनाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग एकदम पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "मायबाई! हा वाघ काय लंगडी खेळून राह्यला का? सारेच पाय उजवे!"

खरंच की! सगळे ठसे एकाच पायाचे. मी सरळ सामानाच्या खोलीत गेलो आणि पोतं उलगडलं. आत लाकडी मुठीचा रबरी पंजा, मोठ्या शिक्क्यासारखा. मुलांना ठसे सापडतात त्या प्रसंगासाठी तो बनवला होता आणि आदल्या संध्याकाळी, आम्ही घरी गेल्यावर, नुसते ठसे टिपले होते. खर्च आणि खटपट वाचवायला साचा एकच केला. पडद्यावर कोण पाय तपासतंय? आणि काम झाल्यावर ठसे पुसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हरवलेल्या वासराची गोष्ट करणाऱ्यांना रोज त्या वाटेनं कामाला जाणाऱ्या बाया दिसल्याच नाहीत!

अद्वैतनं सगळ्यांपुढे कान धरले. यापुढे ठसे पुसल्याशिवाय नाल्यावरून हलायचं नाही आणि पंजा त्याच्या खोलीत राहील, असं ठरलं. बाया दिवसभर वावरात "एका पायाचा वाघ आला वो" म्हणून एकमेकींना चिडवत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. बातमी झाली तर जाहिरात होईल, हे वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं.

मध्ये एक दिवस काम बंद होतं, तेव्हा सानिकाला घेऊन सेवाग्रामला गेलो. आश्रमात मातीच्या भिंती, बांबूचे तट्टे, शेणानं सारवलेली जमीन, आणि मोठ्या झाडांखाली पसरलेली शांतता. बापूकुटीत जाताना चपला बाहेर काढायच्या होत्या. मी एक चप्पल एका झाडाखाली आणि दुसरी दुसऱ्या झाडाखाली ठेवली. एकट्या चपलेला चोर हात लावत नाही. सानिकानं कपाळावर हात मारला. "मामा, इथं तरी!" मी म्हणालो, इथं येणारे सगळेच काही महात्मे नसतात.

बाहेर एका झाडाखाली बसून आम्ही वर्ध्याचा गोरसपाक (तुपातलं खुसखुशीत बिस्किट) खाल्ला. ती बराच वेळ पायानं माती उकरत होती. मग म्हणाली, "मामा, शेवटचा मोठा प्रसंग अजून व्हायचाय. वासरू सापडतं तो. आता मध्येच मला नेलंस तर ते दुसरी मुलगी घेतील. मग मी आयुष्यभर त्या दुसऱ्या मुलीचा चित्रपट बघत बसायचं."

"कोण नेतंय तुला?"

"खरा वाघ आला तर?"

"तर पुढची गाडी," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्याच सकाळी नाल्याकाठी पुन्हा ठसे. या वेळी बैलांनी माती तुडवलेली, त्यामुळे धड असे दोनच उरले होते; त्यांवरून उजवा-डावा ठरेना. बाया पुन्हा अडल्या, पण आता अर्ध्या भीत होत्या आणि अर्ध्या हसत होत्या. "फिलिमवाल्यांचाच असंन," एक म्हणाली. "आन् नसंन तं?" दुसरी म्हणाली. कापूस फुटून गळायला लागला होता, त्यामुळे घरी बसणंही कुणाला परवडणारं नव्हतं.

अद्वैत शपथा घ्यायला लागला. "काका, पंजा माझ्या खोलीत आहे. आम्ही काल नाल्याकडे फिरकलोही नाही." शपथ घेणारा माणूस दिसला की माझी खात्रीच पटते. मी म्हणालो, "जाहिरात फुकटात हवी होती ना तुम्हाला?" तो लालबुंद झाला. मी त्याची, कॅमेरावाल्याची, झाडू धरणाऱ्याची, सगळ्यांची उलटतपासणी केली. सगळे नाही म्हणाले. सगळे नाही म्हणतात तेव्हा काय समजायचं, हे मला कोर्टानं शिकवलं होतं.

तेवढ्यात सानिका माझ्याजवळ आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मामा, त्यांना ओरडू नकोस. मीच केले. काल तिन्हीसांजेला आम्ही मुलांनी पंजा पळवला आणि गंमत म्हणून... सॉरी."

काय सांगू, मला राग यायच्या ऐवजी हायसं वाटलं! वाघ नाही, म्हणजे पोरीला घेऊन जायला नको. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. पंजा कसा पळवला, कुणी धरला, ठसे कुठून कुठे उमटवले. एकही विचारला नाही. अद्वैतवर गुरकावलेलं तोंड मी तसंच बायांकडे वळवलं आणि एखाद्या न्यायाधीशासारखं जाहीर केलं, "घाबरू नका. आमच्या कार्टीचे उद्योग आहेत हे."

"तुमच्या भाचीनं केलं म्हनता तं मंग जातो बाप्पा आमी," रंजनाबाई म्हणाल्या. जाताना सानिकाच्या गालावर एक हलकी चापट मारली. "लय वांड हाय वो पोट्टी. चुलीवर भाकर झाकून ठेवली हाय, खाऊन घेजो." आणि बाया कमरेला ओटी बांधून, डबे घेऊन वावराच्या वाटेला लागल्या.

मी ओसरीवर ऐटीत चहा पीत बसलो. सानिका भाकरीपुढे बसली होती. घास मोडला, तो हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, "खा की, आता काय झालं?" तिनं मान वाटेकडे वळवली. बायांची हसण्या-खिदळण्याची लकेर पांदणीवरून (बैलगाडीच्या वाटेवरून) ऐकू येत होती आणि हळूहळू लांब जात होती. एकदम तिनं ताट बाजूला सारलं आणि अनवाणीच धावत सुटली.

"सानिका! अगं ए!" मी मागे धावलो. माझे गुडघे आता समन्स बजावायच्या वेळचे राहिले नाहीत. पांदणीवर धूळ उडत होती आणि पुढे ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "काकू, थांबा! जाऊ नका! थांबा!"

बाया वावराच्या तोंडाशी थांबल्या. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ती रंजनाबाईंचा हात धरून रडत होती. "मी खोटं बोलले. आम्ही नाही केले ठसे. पंजाला हातसुद्धा लावला नाही. कुणाचे आहेत मला माहीत नाही. मामा मला घरी नेईल म्हणून मी..."

रंजनाबाईंनी तिचा हात सोडवून घेतला. मघाची ती चापट मारणारी बाई ही नव्हेच. "माह्या मांगं एवढ्या बाया हायेत, लेकरा," त्या म्हणाल्या. "कोनाचं पोर घरी हाय, कोनाचं पाळन्यात हाय. तुले तुह्या फिलिमचं पडलं?" सानिकानं मान खाली घातली. तिनं स्वतःची बाजू मांडली नाही. आणि मी, सगळ्या गावाला खोटारडं ठरवणारा, तिच्या बाजूला उभा राहून घामाघूम झालो होतो. माझ्याच शब्दावर तर त्या निघाल्या होत्या.

बायांना गावाकडे परतवलं. रंजनाबाईंचे यजमान गजाननभाऊ यांनी ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत चार-पाच बाप्ये, वाघ असलाच तर हुसकायला रिकामे डबे, काठ्या. मीही चढलो. मागे राहायची मला लाज वाटत होती. धुऱ्यानं (बांधानं) ट्रॅक्टर हळूहळू निघाला, डबे वाजायला लागले. वारा नव्हता. तरी तुरीच्या एका ओळीतले शेंडे हलले. मग पुढचे हलले, मग त्याच्या पुढचे. गजाननभाऊंनी ट्रॅक्टर जागीच थांबवला.

तुरीतून ती बाहेर आली आणि धुऱ्यावर उभी राहिली. वाघीण. मी वाघांची चित्रं पाहिली होती, पण चित्रात वाघाचं वजन कळत नाही. तिच्या पोटाखालून एक पिल्लू डोकावलं. तिनं ट्रॅक्टरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही घाई नसल्यासारखी नाल्याकडे उतरून गेली. माझ्या हातातला डबा कधी खाली पडला, मला कळलं नाही.

"कोनत्या ओळीतून निघाली, पाह्यलं का भाऊ?" गजाननभाऊ म्हणाले. "आज तितूनच वेचनी सुरू करनार होत्या बाया." मला रडू येत होतं. ते मी लपवलंही नाही.

दुपारपर्यंत वनखात्याची माणसं आली. वाघीण पिल्लासह या भागात असेपर्यंत नाल्याकाठचं चित्रीकरण बंद, बायांनी एकटंदुकटं जायचं नाही, गस्त घालायची, असं सगळं ठरलं. बघ्यांची झुंबड उडू नये म्हणून गावाचा गवगवा करू नका, असंही त्यांनी बजावलं. मी ते पाळतो आहे. अद्वैतची माणसं तारा गुंडाळायला लागली. त्याच्याजवळ जाऊन मी म्हणालो, "ठशांबद्दल तुमच्यावर उगाच आळ घेतला मी. चुकलं." तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "काका, मीसुद्धा सानिकाचं खरं मानलं होतं. मलाही ते सोयीचं होतं." सानिकाला तो एवढंच म्हणाला, "कळवतो तुला." 'कळवतो' म्हणजे काय, हे पोरीलाही कळत होतं.

निघताना रंजनाबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं. सानिका पाया पडायला वाकली तर म्हणाल्या, "राग आलाच मले तुहा. अजूनबी हाय, खोटं कायले बोलू? पन धावत आली ना तू. धर हा डबा." सानिकानं डबा दोन्ही हातांनी धरला. मग रंजनाबाई माझ्याकडे वळल्या. "आन् तुमी, भाऊ? साऱ्या गावाले झाडत होते, घरच्या पोट्टीले येक प्रश्न नाई इचारला!" बाई बरोबर बोलत होत्या.

परतीच्या गाडीत सानिकानं स्वतःच आईला फोन लावला. वाघीण दिसली एवढं सांगून भागलं असतं. तिनं आपलं खोटंही सांगितलं, अगदी बाया वावराच्या तोंडाशी पोचल्या होत्या इथपर्यंत. तिनं फोन माझ्या हातात दिला. मग बहीण मला म्हणाली, "मला काही सुचत नाही दादा. या सिनेमाचं पुढं काय करायचं ते तूच ठरव." सानिका खिडकीकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

भुसावळच्या अलीकडे अद्वैतचा फोन आला. राहिलेला भाग मे महिन्यात करायचा म्हणत होता, दुसऱ्या कुठल्यातरी रानात. "सानिकाच हवी आहे मला. पाठवाल का काका?"

सानिका वळून माझ्याकडे बघत होती. डोळे सुजलेले, भाकरीचा डबा अजून मांडीवर. हळूच म्हणाली, "तू नाही म्हणालास तरी चालेल, मामा." तिला किती चालणार होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. जन्मभर मी लोकांचं खोटं पकडत आलो. मोठमोठी माणसं पकडली गेल्यावरही कबूल करायची नाहीत. हिला तर कुणी पकडलंच नव्हतं. गप्प बसली असती तर मी ओसरीवर चहा पीत राहिलो असतो.

"पाठवतो," मी फोनवर म्हणालो. "पण बरोबर मी येणार. तुमच्यावर माझा अजून भरवसा नाही."

"आणि तिच्यावर?" अद्वैतनं हसत विचारलं.

"तिच्यावर आहे," मी म्हणालो.